शंभर टक्के हजेरी, शंभरावर ताप

1965 साली संसदेने बोनसचा कायदा केला. ठरावीक पगारापर्यंतच्या कामगाराला मालकाने दर वर्षी बोनस द्यायचाच, मग नफा होवो की तोटा. किमान दर आज 8.33 टक्के. मसुदा लिहिणारे गृहस्थ बत्तिसाव्या कलमापर्यंत आले आणि त्यांना मास्तर आठवले. लगेच त्यांनी लिहून टाकलं की विद्यापीठं आणि इतर शिक्षणसंस्था यांच्या कर्मचाऱ्यांना हा कायदा लागू नाही. ग्रॅच्युइटीची तर आणखी मौज. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे शिक्षक हा कर्मचारीच ठरत नाही. मग 2009 साली संसदेने व्याख्या दुरुस्त केली आणि ती 1997 पासून, मागल्या तारखेने लागू केली. म्हणजे मधली बारा वर्षं मी नोकरीच करत होते, हे मला बारा वर्षांनी अधिकृतपणे कळलं.

अशी पूर्वपीठिका असलेल्या माणसांसमोर जूनमधल्या पहिल्या सभेत आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी बोनसची घोषणा केली. हिंदीचे सर जागे झाले. पर्यवेक्षिका बाईंनी पेनाचं टोपण काढलं, हे त्या फक्त कुणाचं नाव लिहायचं असेल तरच करतात. मागच्या रांगेतून चित्रकलेच्या सरांनी विचारलं, “आम्हाला?”

“तुम्हालाच,” अध्यक्ष म्हणाले.

आमचे अध्यक्ष सातपूरच्या एमआयडीसीत नटबोल्ट बनवतात. माणूस सरळ आहे. शाळेला पंखे हवेत म्हटलं की पंखे देतो, वर ‘सौजन्य’ असंही लिहायला लावत नाही. पण त्यांच्या कारखान्यात हजेरीचा बोनस चालतो, महिन्यात एकही खाडा नसेल तर पगारावर जादा रक्कम, आणि तिथे तो लागू पडला आहे. तेव्हा शाळेत का नको, असा त्यांचा साधा प्रश्न. त्यांनी आम्हाला हिशेब समजावून दिला. मशीनवरचा माणूस आला नाही तर मशीन बंद पडतं, मशीन बंद पडलं की नुकसान. शाळेचंही तसंच.

शाळेचं अगदी तसं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मशीनवरचा माणूस आला नाही तर मशीन बंद पडत असेल. वर्गावरचा शिक्षक आला नाही तर वर्ग सुरू होतो. त्याचा आवाज एमआयडीसीपर्यंत ऐकू जातो.

योजना अशी होती. महिनाभरात एकही रजा नाही आणि एकही लेट मार्क नाही, तर पाचशे रुपये. एक रजा पडली की शून्य. सबंध सत्र अशी निर्दोष हजेरी लावणाऱ्याला दिवाळीच्या सुट्टीआधी प्रमाणपत्र, आणि दहावीच्या गुणवंतांच्या शेजारी फलकावर फोटो. गणिताच्या बाईंनी सभा संपायच्या आत हिशेब मांडला, वर्षाकाठी दहा महिने धरले तर पाच हजार. हिंदीच्या सरांनी तेवढ्यात मनातल्या मनात मिक्सर घेऊन टाकला. पीटीच्या सरांचं म्हणणं पडलं की फोटो नको, त्याऐवजी त्याचेही पैसे द्या. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, अध्यक्षांकडे वाकून हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या. त्यांनाही बोनस आहे का, एवढंच ते होतं असं नंतर कळलं.

जुलै महिना अपूर्व गेला. सकाळी सातच्या आत ऑफिसबाहेर अंगठ्याच्या यंत्रापुढे रांग लागायची. या यंत्रात एक इंग्रजी बोलणारी बाई राहते. अंगठा पटला तर ती ‘थँक यू’ म्हणते, नाही पटला तर ‘प्लीज ट्राय अगेन’. तीस-तीस वर्षं खडू हातात धरून आमच्यापैकी कित्येकांच्या अंगठ्यांवर रेषा अशा उरलेल्याच नाहीत, त्यामुळे आमचे अर्धे लोक रोज ट्राय अगेनमध्येच असायचे. संस्कृतच्या बाई अंगठा पदराला पुसून, फुंकर घालून, डोळे मिटून ठेवायच्या. यंत्रातली बाई तरीही बधायची नाही. शिवाय यंत्र असलं तरी मस्टर बंद झालेलं नव्हतं. लाइट गेली तर काय, म्हणून मस्टरवर सही. सही कुणी कुणाची केली तर काय, म्हणून अंगठा. आपल्याकडे नवीन पद्धत आली की जुनी जात नाही, तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसते.

खुर्चीवरून आठवलं. त्या महिन्यात पहिल्यांदाच लक्षात आलं की आमच्या शिक्षकखोलीत खुर्च्या माणसांपेक्षा कमी आहेत. इतकी वर्षं कुणाला हे कळलंच नव्हतं, कारण रोज दोघं-तिघं तरी रजेवर असायचे. बांधकामाच्या वेळीच कुणीतरी दूरदृष्टीने हिशेब केला असणार. आता सगळेच हजर, तेव्हा इतिहासाचे सर खिडकीच्या कट्ट्यावर बसून वह्या तपासू लागले आणि दोन वह्या खाली रिक्षावाल्याच्या टपावर गेल्या.

मग ऑगस्ट उजाडला. ऑगस्ट हा शाळेच्या दृष्टीने विषाणूंचा महिना. त्या वर्षी आधी डोळ्यांची साथ आली, पाठोपाठ तापाची. एरवी अशा वेळी शिक्षक घरी राहतात, गरम पाणी पितात आणि तिसऱ्या दिवशी परत येतात. किरकोळ रजा असतात त्या त्यासाठीच. पण आता एका रजेची किंमत पाचशे रुपये झाली होती. भूगोलाच्या बाईंचे दोन्ही डोळे लालभडक झाले, त्या काळा गॉगल लावून शाळेत आल्या. यंत्राला अंगठा लागतो, डोळे लागत नाहीत. त्यांनी सातवी अ ला नकाशा शिकवला. नकाशा बघायला मुलं जवळ आली. गुरुवारपर्यंत सातवी अ मधल्या निम्म्या मुलांनी गॉगल लावले आणि वर्गात गेल्यावर एखाद्या सिनेमाच्या शूटिंगला आल्यासारखं वाटायला लागलं.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी विज्ञान शिकवते. आठवीच्या पुस्तकात दुसराच धडा ‘आरोग्य व रोग’. तो मी शंभरावर ताप अंगात घेऊन शिकवला. संसर्गजन्य रोग हवेतून कसे पसरतात, शिंकताना काय काळजी घ्यावी, बाधित व्यक्तीने गर्दीच्या ठिकाणी जाणं का टाळावं, हे सगळं मी शिंकत शिंकत समजावून दिलं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. हा मुलगा कधी हात वर करत नाही.

“बाई, मग तुम्ही का आल्या?”

इतका मुद्देसूद प्रश्न त्या धड्यावर मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी त्याला ‘स्वाध्याय सोडव’ म्हणून सांगितलं.

महिनाअखेर पर्यवेक्षिका बाईंनी दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. शिक्षकांची हजेरी जितकी वर गेली होती, तितकी मुलांची खाली आली होती. शिक्षक ताप घेऊन शाळेत यायचे, मुलं तो घेऊन घरी जायची. मुलांना बोनस नसल्यामुळे ती घरीच राहायची. आता मुलांना बोनस अजिबातच नसतो असंही नाही. महाराष्ट्र सरकारची 1992 पासूनची एक योजना आहे. दुर्बल घटकांतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल उपस्थिती भत्ता मिळतो, दिवसाला एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त 220. ज्या साली तो सुरू झाला त्या साली रुपयात पेन्सिल यायची. आता त्या रुपयाला पेन्सिल तासूनही मिळत नाही. पण सांगायचा मुद्दा असा की हजेरीला पैसे लावण्याची कल्पना काही नटबोल्टवाल्यांची नाही.

योजनेतली खरी गंमत सप्टेंबरात उघडी पडली. तिला निमित्त झाले चित्रकलेचे सर. तीन तारखेलाच ते द्वारका चौकातल्या गर्दीत अडकले आणि पाच मिनिटं उशिरा पोचले. यंत्रातल्या बाईने थँक यू म्हटलं, पण वेळ नोंदवून घेतली. गेले पाचशे. सर दिवसभर शांत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. त्यानंतर आठवडाभराने एक टाकली. मग गौरी-गणपतीला जोडून आणखी दोन. मोठ्या बाईंनी बोलावून विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर कुठल्याही न्यायालयात टिकलं असतं: “बोनस तर तीन तारखेलाच गेला, बाई. आता उरलेला महिना मी फुकट कशाला येऊ?”

पाहता पाहता हे सगळ्यांना समजलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माणसं जिवावर उदार होऊन यायची. एकदा का खंड पडला की बांध फुटल्यागत रजा पडायच्या. पूर्वी दहा मिनिटं उशीर झाला तर शिक्षक धावतपळत येऊन वर्गावर जायचा आणि मोठ्या बाई फार तर भुवई उंचावायच्या. आता लेट मार्क आणि रजा यांची किंमत एकच झाल्यामुळे, उशीर झाला की लोक फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवरूनच परत फिरू लागले आणि तिथूनच फोन करून बारीक आवाजात ताप असल्याचं कळवू लागले. टपरीवाल्याचा रेडिओ मागे ऐकू यायचा.

माझा पुतण्या पुण्याला गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्र शिकतो. सुट्टीत घरी आला होता, त्याला मी ही हकीकत सांगितली. त्याला हसू यावं अशी अपेक्षा होती. तो गंभीर झाला. “काकू, यावर पेपर आहे,” म्हणाला. अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांचं हे फार वाईट असतं, आपलं दुःख आधीच कुणीतरी छापलेलं असतं. अमेरिकेत कपडे धुण्याचे मोठाले कारखाने आहेत, एकाच कंपनीचे पाच. त्यांतल्या एकाने महिनाभर वेळेवर आणि न चुकता येणाऱ्यांसाठी बक्षिसाची सोडत ठेवली. तीन संशोधकांनी त्याच्या नोंदी तपासून 2016 साली निष्कर्ष छापला. लोक बक्षिसाच्या नियमाभोवती हिशेब करू लागले, उशीर होणार असं दिसलं की आजारी पडू लागले. आणि जे आधीपासून कुणी न सांगता वेळेवर येत होते, मन लावून काम करत होते, त्यांचं काम उलट मंदावलं. मला लाँड्रीतल्या त्या लोकांविषयी एकदम आपुलकी वाटली. त्यांच्यातही एखादे चित्रकलेचे सर असणार.

“पण अशी योजना यशस्वी झालेली पण आहे,” पुतण्या म्हणाला, “आणि शाळेतच.” मग त्याने उदयपूरची गोष्ट सांगितली. ती मी दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत सांगितली आणि तिथे तिच्यावर जेवणाच्या सुट्टीभर खल झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

राजस्थानात उदयपूरच्या आसपासच्या खेड्यांत सेवामंदिर नावाची संस्था अनौपचारिक शाळा चालवते. एका शाळेला एकच शिक्षक. तो आला नाही तर त्या दिवशी शाळाच नाही. 2003 साली एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक प्रयोग केला. निम्म्या शाळांतल्या शिक्षकांना कॅमेरे दिले, तारीख आणि वेळ बदलता येणार नाही असे. शाळा भरताना एक आणि सुटताना एक असा मुलांबरोबर फोटो काढायचा. दोन फोटोंत निदान पाच तासांचं अंतर हवं आणि निदान आठ मुलं दिसायला हवीत. पगार त्या फोटोंवर. वीस दिवसांचे हजार रुपये. वर जितके दिवस भराल तितके पन्नास-पन्नास जास्त, कमी भरतील तितके पन्नास-पन्नास वजा. खाली पाचशेपर्यंत जाईल, वर तेराशेपर्यंत. ज्या शाळांत कॅमेरा नव्हता तिथे शिक्षक 42 टक्के वेळा गैरहजर सापडले. कॅमेरावाल्या शाळांत हे प्रमाण निम्म्यावर आलं, 21 टक्के. मुलांचे गुणही वाढले.

“बघा!” गणिताच्या बाई म्हणाल्या. “त्यांचा आलेख सरळ रेषेत आहे. प्रत्येक दिवसाला पन्नास. आपला म्हणजे कडा आहे, एक पाऊल चुकलं की थेट दरीत.” मला वाटतं, अख्ख्या योजनेवर याहून नेमकी टीका कुणी केली नाही. तिथे तीन तारखेला उशीर झाला तर चार तारखेचे पन्नास रुपये तसेच शाबूत असतात. शिवाय ज्याचा पगार हजार त्याला पन्नास म्हणजे काही आहे. आमच्याकडे पाचशे ही रक्कम अशी ठरली होती की ती गेली तर राग यावा, पण तिच्यासाठी फार काही करू नये.

इतिहासाच्या सरांना कॅमेऱ्याचा भाग आवडला नाही. त्यांनी आठवण करून दिली की 2016 च्या अखेरीस आपल्या राज्यातही असंच निघालं होतं. मुलांची हजेरी कळावी म्हणून शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्याबरोबर सेल्फी काढायचे आणि सरकारी संकेतस्थळावर चढवायचे. राज्यभरच्या शिक्षकांनी विरोध केला आणि ते बारगळलं. “साठ मुलांचा वर्ग,” सर म्हणाले, “सहा सेल्फी. पहिला तास तोंड हसरं ठेवण्यातच गेला असता.”

मराठीचे सर एवढा वेळ डबा खात गप्प होते. डुफ्लोबाईंना 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, बरोबर त्यांचे पती अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर, एवढं मी म्हटलं आणि ते सरसावून बसले. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा. आई माहेरच्या पाटणकर. पूर्ण नाव अभिजित विनायक बॅनर्जी. “विनायक!” सर म्हणाले आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू स्टॉकहोमला तेच जाऊन आले. गणिताच्या बाईंनी लगेच हिशेब केला: तिघांत एक नोबेल, त्यातला आईकडून निम्मा वाटा, म्हणजे एक षष्ठांश आपलं.

तिसरे जे क्रेमर, त्यांनी तर आमची सगळ्यांचीच मान उंचावली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत न कळवता माणसं पाठवली होती आणि 2005 साली निष्कर्ष छापला. चारांतला एक शिक्षक गैरहजर. झारखंडात सर्वांत जास्त, 42 टक्के, आणि सर्वांत कमी महाराष्ट्रात, 15. कुठलाही बोनस नसताना. शिक्षकखोलीत टाळ्या पडल्या. मग मी त्याच पेपरातला पुढचा आकडा सांगितला की देशभरात भेटीच्या वेळी प्रत्यक्ष शिकवताना सापडले ते जेमतेम निम्मे शिक्षक.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग हिंदीचे सर म्हणाले, “उरलेले माहिती भरत असतील.”

ते विनोदाने म्हणाले नव्हते. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाचं पहिलंच कर्तव्य दिलं आहे, नियमितपणे आणि वेळेवर शाळेत येणं. पुढे तीनच कलमं गेली की सत्ताविसाव्यात म्हटलंय, जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून त्याला दुसऱ्या कामाला जुंपू नये. म्हणजे वेळेवर या आणि मग निवडणुकीला जा. आमच्याकडे या जाण्याला ‘ओडी’ म्हणतात, ऑन ड्युटी. ओडी म्हणजे रजा नव्हे, ओडीने बोनस जात नाही. हे ऑक्टोबरात लोकांच्या ध्यानात आलं. त्याबरोबर आमची शाळा एकाएकी फार कर्तव्यदक्ष झाली. कुणी तालुक्याला माहिती द्यायला, कुणी बँकेत खाती जोडायला, कुणी विज्ञान प्रदर्शनाच्या पूर्वतयारीच्या बैठकीला, तर एक बाई ‘वाचन प्रेरणा दिनानिमित्त पुस्तकांची पाहणी’ करायला. ही पाहणी मेनरोडला झाली आणि त्या येताना दिवाळीचे कंदील घेऊन आल्या.

पुतण्याला मी फोन केला. “यावर पण पेपर आहे का रे?” होता. उदयपूरमध्येच, तीच सेवामंदिर संस्था, यावेळी शाळेऐवजी आरोग्य उपकेंद्रांतल्या परिचारिका. हजेरी यंत्राने मोजायची, गैरहजेरीला पगारकपात. पहिले काही महिने हजेरी भराभर वाढली. मग आरोग्य खात्याने परिचारिकांना कामानिमित्त सूट दिलेले दिवस वाढत गेले आणि सोळा महिन्यांनी सगळं मूळपदावर. ते संशोधन 2008 साली छापून आलं. आम्ही ते काम चार महिन्यांत उरकलं.

आता मी मूळ विषयाकडे येते, तो म्हणजे ऑफ तास.

ज्यांनी शाळेत नोकरी केली नाही त्यांना ऑफ तास म्हणजे काय हे समजणं अवघड आहे. आठ तासांच्या वेळापत्रकात एखादा तास रिकामा असतो. त्या तासाला वह्या तपासायच्या असतात, पण खरं म्हणजे बसायचं असतं. चहा आलेला असतो. पहिला घोट घेणार एवढ्यात शिपाईकाका चिठ्ठी घेऊन येतात. ते काही बोलत नाहीत, नुसती चिठ्ठी पुढे करतात. तिच्यावर पर्यवेक्षिका बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं: नववी ब. कुणीतरी रजेवर आहे आणि त्याचा वर्ग तुम्हाला सांभाळायचा आहे. नववी ब ला कळलेलं असतं की आता तुम्ही येणार, त्यांनी दार लावून घेतलेलं असतं. तुमचा विषय त्यांना नको असतो, तुम्हाला त्यांचा येत नसतो. मी एकदा नववी ब ला इंग्रजी कवितेच्या तासाला गुरुत्वाकर्षण शिकवलं. एका मुलाने ते रसग्रहण म्हणून उतरवून घेतलं.

म्हणून शाळेत माणूस रजा घेताना जो कचरतो तो संस्थेला भिऊन नव्हे. आपल्या जागी नववी ब वर कुणाला जावं लागेल हे त्याला डोळ्यांसमोर दिसत असतं. यावर आम्ही लोकांनी एक सावकारी उभी केली होती. भाच्याच्या मुंजीला जायचंय? मग आदल्या दिवशीच संस्कृतच्या बाईंना सांगायचं, उद्या माझा पाचवा तास घ्या, गुरुवारी तुमचा तिसरा मी घेते. कुणाचे तीन तास कुणाकडे उसने आहेत हे सगळ्यांना तोंडपाठ असे. लेखी काही नाही, पण बुडवाबुडवी कधी झाली नाही. त्यात शिकवलंही जायचं, कारण सांगून आलेला माणूस काही तयारी करून यायचा. शिवाय घरी तापाने फणफणलेलं मूल ठेवून आलेली बाई अकराला निघून जायची आणि तिचे उरलेले तास न बोलता वाटले जायचे. तिला कुणी विचारत नसे.

बोनसने ही सावकारी बुडवली. कायद्याने नव्हे, मनानेच. “तुमचा बोनस गेला म्हणून तुम्ही रजा काढणार आणि माझा ऑफ तास मी का देऊ? मला त्याचे कुठे पाचशे मिळतात?” असं भूगोलाच्या बाई चित्रकलेच्या सरांना माझ्यादेखत म्हणाल्या. दोघांची गेल्या वीस वर्षांची देवघेव होती. जिथे आजवर ‘घ्या हो बाई माझा तास’ असं होतं तिथे दर आला, आणि दर आल्यावर कळलं की तास घेणाऱ्याला त्यात काहीच मिळत नाही. येणाऱ्याला पाचशे, न येणाऱ्याला घरची झोप, आणि जो येऊन दुसऱ्याचाही वर्ग ओढतो त्याला गार चहा.

एक नोंद करून ठेवते. आमच्या शाळेत सर्वांत नियमित येतात त्या साफसफाईच्या मावशी. सहाला कुलूप त्या उघडतात, टाकीचा कॉक त्या फिरवतात. त्या आल्या नाहीत तर नटबोल्टच्या मशीनसारखी शाळा खरोखरच बंद पडेल. त्यांना बोनस का नाही, असं मी सभेत विचारलं. अध्यक्ष म्हणाले, त्या एजन्सीच्या. त्यांचा खाडा झाला तर एजन्सी पगार कापते. “मग त्यांची योजना चांगलीच चाललीय,” पीटीचे सर म्हणाले. अध्यक्षांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

दिवाळीआधी समारंभ झाला. सत्रभर निर्दोष हजेरीचं प्रमाणपत्र एकालाच मिळालं, संगणकाच्या सरांना. अंगठ्याच्या यंत्राचा पासवर्ड त्यांच्याकडे असतो. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. त्यांचा फोटो फलकावर लागला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की योजनेला उत्तम प्रतिसाद मिळाला असून दुसऱ्या सत्रात ती अधिक कडक करण्यात येईल. चित्रकलेचे सर समारंभाला नव्हते. ते ओडीवर होते.

तेव्हा आमच्या आणि इतरही शाळांच्या अध्यक्षमहाशयांना माझी विनंती आहे. तुमचे पैसे तुम्हाला शाळेच्या हजेरीवर घालायचेच असतील तर जरूर घाला, आम्ही नको म्हणणाऱ्यांतले नाही. पण येणाऱ्याला ते देऊ नका. त्याचा त्याला पगार मिळतो. आजारी माणसाला घरी झोपू द्या. किरकोळ रजा त्याच्यासाठीच असतात, आणि आठवीच्या दुसऱ्या धड्यातही तसंच लिहिलेलं आहे. तुम्ही पैसे द्या ते त्याच्या जागी नववी ब वर जाणाऱ्याला. तासाला पन्नास रुपये, उदयपूरच्या दराने. नवीन यंत्र लागणार नाही, पर्यवेक्षिका बाईंच्या वहीत बदली तासांची नोंद वर्षानुवर्षं आहेच. मावशींच्या खाड्याचे कापलेले पैसे तुम्ही भरून दिलेत तर आणखी उत्तम. आणि तेवढं एक शिपाईकाकांना सांगून ठेवा, चिठ्ठी चहा पिऊन झाल्यावर आणा म्हणावं.